मुलांना ध्येय ठरवायला आणि ते तडीस न्यायला कसे शिकवावे : कळसूबाईचे दहा आठवडे

मुलांच्या संदर्भात 'ध्येय' हा शब्द आपण बहुधा फार दूरच्या गोष्टींसाठी वापरतो. मोठेपणी डॉक्टर होणे, वैमानिक होणे, सैन्यात जाणे ही सारी पंधरा-वीस वर्षांनंतरची चित्रे असतात, आणि त्यांच्यासाठी आज संध्याकाळी करण्यासारखे आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या हातात काहीच नसते. या लेखात हा शब्द त्याहून लहान अर्थाने घेतला आहे. मुलाने स्वतः निवडलेली, काही दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्ण होणारी आणि पूर्ण झाली की नाही हे त्याचे त्यालाच ओळखता येईल अशी गोष्ट म्हणजे ध्येय. असे ध्येय ठरवणे आणि तडीस नेणे हे पोहण्याप्रमाणे शिकवता येते, आणि पोहण्याप्रमाणेच ते काठावर बसून केलेल्या उपदेशाने येत नाही. सात ते बारा या वयोगटातील मुलांच्या ज्या पालकांनी हे आजवर केलेले नाही, त्यांच्यासाठी पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत. उदाहरण आमच्याच घरातले आहे. आमची मुलगी दहा वर्षांची असताना ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिने कळसूबाई शिखर चढायची इच्छा सांगितली, आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे दहा आठवडे आम्ही त्या एका इच्छेबरोबर चाललो.

पहिली पायरी : इच्छा ऐकून घेणे

घरातल्या निवांत वेळी, रात्रीचे जेवण आटोपल्यावर किंवा अंथरुणावर पडल्यावर, मुलाला विचारावे की येत्या दोन-तीन महिन्यांत तुला काय करता यायला हवे असे वाटते. 'तुला काय व्हायचे आहे' असा प्रश्न मुद्दाम टाळावा, कारण त्याचे उत्तर मूल आपल्या चेहऱ्याकडे पाहून देते. तीन-चार उत्तरे येऊ द्यावीत आणि ती त्याच्याच शब्दांत कागदावर उतरवून घ्यावीत. पेटीवर राष्ट्रगीत वाजवणे, एक जाड पुस्तक कोणाच्या मदतीशिवाय वाचून काढणे, मोदकाला नीट कळ्या पाडणे, न थांबता पोहण्याच्या तलावाची एक फेरी मारणे अशी उत्तरे येतात. त्यांतली काही आपल्याला क्षुल्लक वाटली, तरी तसे चेहऱ्यावर दिसू देऊ नये.

या वेळी अभ्यासाचे एखादे ध्येय आपल्या बाजूने हळूच पुढे सरकवण्याचा मोह होतो. शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आलेली असते, पाढे कच्चे असतात, आणि एवढा वेळ द्यायचाच तर तो त्यासाठी का देऊ नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही पहिल्या खेपेला तो मोह आवरावा असे माझे आग्रहाचे मत आहे. पहिले ध्येय ही रीत शिकण्यासाठी असते, आणि रीत शिकताना मुलाच्या मनाचा जोर पाठीशी असावा लागतो. आईबाबांनी ठरवलेल्या कामाला गोड नाव दिले, तरी मूल ते ओळखते आणि मग पुढच्या प्रत्येक पायरीवर त्याला ढकलावे लागते.

लिहून घेतलेल्या इच्छांतून एक निवडताना तीन प्रश्न उपयोगी पडतात. पहिला, हे किती प्रमाणात तुझ्या हातात आहे? 'वर्गात पहिला नंबर' हे ध्येय येथेच बाजूला पडते, कारण मुलाने कितीही प्रयत्न केला तरी नंबर इतरांच्या गुणांवरही अवलंबून असतो. दुसरा, ते पूर्ण झाले हे तुला कसे कळेल? तिसरा, त्यासाठी याच आठवड्यात करण्यासारखे काही आहे का? तिन्ही प्रश्नांना मुलाकडे उत्तर असेल, तर ती इच्छा ध्येय होण्याजोगी आहे.

मुदत वयाला धरून असावी. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी एक आठवडा पुरेसा आहे, आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तीन-चार आठवडे झेपतात, आणि दहाच्या पुढे दोन-अडीच महिने चालतात. आमचे दहा आठवडे तिच्या वयासाठी जरा जास्तच होते, आणि मधल्या काळात ते जाणवलेही.

दुसरी पायरी : एका वाक्यात लिहिणे

निवडलेली इच्छा मुलाने स्वतःच्या हाताने, एका वाक्यात आणि मुदतीसह लिहावी. 'मला कळसूबाईला जायचे आहे' या वाक्याचे तासाभराच्या बोलण्यानंतर 'डिसेंबर संपायच्या आत मी कळसूबाईच्या शिखरापर्यंत स्वतःच्या पायांनी चढून जाईन आणि माझी पिशवी मीच उचलीन' असे झाले. पिशवीची अट तिची होती. मला ती अनावश्यक वाटली होती, पण पुढे सरावाला दिशा त्याच अटीने दिली, म्हणून मुलाने घातलेल्या अटी सहसा खोडू नयेत. 'वाचन वाढवायचे' याऐवजी 'दिवाळीच्या सुट्टीत हे पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचीन', 'गणित सुधारायचे' याऐवजी 'महिनाअखेरीपर्यंत बारा ते वीस पाढे न अडखळता म्हणून दाखवीन', अशी ही फिरवणूक असते.

कार्यालयांत प्रचलित असलेली 'स्मार्ट' (SMART, पाच इंग्रजी निकषांची आद्याक्षरे) ध्येयांची पद्धत अनेक पालकांना ठाऊक असते. जॉर्ज डोरान यांनी ती १९८१ मध्ये व्यवस्थापकांसाठी मांडली होती. तिच्यातील नेमकेपणा आणि मुदत घ्यावी, परंतु त्या पाच अक्षरांचा तक्ता मुलाकडून भरून घेऊ नये, कारण त्याने या कामाला गृहपाठाचा वास लागतो.

तिसरी पायरी : ध्येयाचे टप्पे पाडणे

सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा, कारण मुलांची बहुतेक ध्येये येथेच मोडतात. दूरचे शिखर दिसत असते आणि पायाखालची पहिली पायरी दिसत नसते.

याविषयीचा एक प्रयोग प्रत्येक पालकाला माहीत असावा असे मला वाटते. अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक या मानसशास्त्रज्ञांनी तो १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. वजाबाकीत कच्ची असलेली आणि गणिताची फारशी गोडी नसलेली सात ते दहा वर्षांची मुले त्यांनी घेतली आणि स्वतःची स्वतः शिकण्यासाठी त्यांना ४२ पानांचा संच दिला. सात बैठका होत्या. काही मुलांना सुचवले गेले की प्रत्येक बैठकीत निदान सहा पाने पूर्ण करण्याचे ध्येय ठेवावे, काहींना सातव्या बैठकीअखेर सगळी ४२ पाने पूर्ण करण्याचे ध्येय सुचवले गेले, आणि काहींना कोणतेच ध्येय दिले गेले नाही. सहा साते बेचाळीस, म्हणजे पहिल्या दोन्ही गटांपुढचे काम तंतोतंत सारखे होते. तरीही जवळचे ध्येय असलेली मुले वजाबाकीत सर्वांच्या पुढे गेली, 'मला हे जमते' हा त्यांचा विश्वास वाढला, आणि नंतर कोणी न सांगताही ती गणिते सोडवू लागली. केवळ दूरचे ध्येय दिलेल्या मुलांना मात्र त्याचा म्हणण्यासारखा लाभ झाला नाही. सहा पाने संपली की मुलाला आपण पुढे सरकल्याचे दिसते, आणि ४२ पानांपुढे सहा पाने संपली तरी छत्तीस उरलीच आहेत असे दिसते.

टप्पे पाडताना शेवटाकडून सुरुवात करावी. मुलाला विचारावे की त्या दिवशी तुला काय काय करता यावे लागेल. कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर १,६४६ मीटर उंचीचे आहे आणि अकोले तालुक्यातील बारी गावातून त्याची नेहमीची वाट चढते. लहान मुलांना वर जायला तीन-चार तास लागतात, वाटेत उभ्या कातळांवर लोखंडी शिड्या आहेत, आणि गेलो तेवढेच उतरून यायचे असते. यावरून तिने स्वतःच यादी केली, की खूप वेळ चालता यायला हवे, पायऱ्या चढताना धाप लागायला नको, शिडीची भीती वाटायला नको आणि पिशवीची सवय हवी. मग प्रत्येक गोष्टीसाठी 'याच्या आधी काय जमायला हवे' असे विचारत आम्ही मागे मागे येत राहिलो आणि शेवटी पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या पायथ्याशी पोहोचलो.

आमचे टप्पे पुढीलप्रमाणे झाले. पहिले दोन आठवडे दर रविवारी पर्वतीच्या १०३ पायऱ्या दोनदा चढायच्या आणि आठवड्यातले चार दिवस इमारतीचे जिने. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात पर्वतीच्या सलग तीन फेऱ्या. पाचव्या आठवड्यात वेताळ टेकडीवर दोन तास चालणे. सहाव्यात दिवाळी असल्यामुळे फक्त जिने. सातव्या आठवड्यात आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड. आठवा हलका, नवव्यात पुन्हा सिंहगड, पण पाठीवर स्वतःची पिशवी आणि तीत एक लिटर पाणी. दहाव्यात कळसूबाई. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा थोडाच अवघड असावा आणि पहिला टप्पा तर हमखास जमणारा असावा, एवढे पाहिले म्हणजे पुरे. सणवार, परीक्षा आणि लग्नकार्ये आधीच कॅलेंडरवर पाहून घ्यावीत, नाहीतर योजना पहिल्याच धक्क्याला कोसळते.

अशा शारीरिक ध्येयात सुरक्षिततेचे निर्णय मात्र मोठ्यांचेच असतात. डोंगर पावसाळा संपल्यावरच निवडावा, माहीतगार सोबत असावी, आणि मुलाला दम्यासारखा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

चौथी पायरी : कधी आणि कुठे

'रोज करीन' हे वाक्य मुलाच्या तोंडी खरे असते आणि तरीही ते पाळले जात नाही, कारण 'रोज' ही काही वेळ नव्हे. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात मांडलेली जर-तर योजनेची कल्पना येथे फार कामी येते. अमुक झाले, की मी तमुक करीन, असे आधीच ठरवून ठेवले म्हणजे त्या क्षणी पुन्हा निर्णय घ्यावा लागत नाही. मराठीत तर हे वाक्य 'की' या एका अक्षरावर उभे राहते. 'शाळेतून येऊन दूध प्यायले, की बूट न काढताच जिने चढायला जाईन', 'देवापुढे दिवा लागला, की पाढे म्हणायला बसेन.' मुलाच्या दिवसात आधीपासून पक्की असलेली एखादी गोष्ट शोधून नवे काम तिच्या शेपटीला बांधावे.

अडचणींसाठीही अशीच वाक्ये तयार ठेवावीत. 'पाऊस आला, तर इमारतीचेच जिने चढेन', 'पाहुणे आले, तर रात्री जेवणाआधी करीन.' दोन-तीन पुरेत, कारण वाक्ये फार झाली की मुलाच्या लक्षात राहत नाहीत.

पाचवी पायरी : नोंद आणि खाडा

नोंदीसाठी वेगळी वही, ॲप किंवा रंगीत तक्ता आणण्याची गरज नाही. स्वयंपाकघरात दुधाचा हिशेब जिथे मांडला जातो, तेच भिंतीवरचे कॅलेंडर उत्तम, कारण ते सर्वांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर असते. काम झाले त्या दिवसाच्या चौकोनात मुलाने स्वतः बरोबरची खूण करावी आणि झाले नाही त्या दिवशी, दूध आले नाही की आपण मांडतो तसा, खाडा मांडावा. खूण मुलानेच करायची, पालकांनी नाही. एखाद्या दिवशी ते खूण करायला विसरले, तर 'आजचे कॅलेंडर पाहिलेस का?' एवढेच विचारावे.

खाड्याविषयी घरातल्या मोठ्या माणसांनी आधीच एकमत करून घ्यावे, कारण आई समजून घेते, बाबा रागावतात आणि आजी 'जाऊ दे, दमली असेल' म्हणते, अशा वेळी मूल ध्येय सोडून या तिघांना सांभाळत बसते. आमच्याकडे ठरले होते की आठवड्यातील पाच दिवसांपैकी चार खुणा झाल्या की आठवडा पूर्ण धरायचा आणि खाडा भरून काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचे नाही. दुप्पट काम ही शिक्षा असते, आणि एकदा शिक्षा झाली की मूल खाडा लपवू लागते. सलग तीन खाडे पडले तर मात्र शांतपणे बसून बोलायचे. तीन खाड्यांचा अर्थ बहुधा टप्पा फार अवघड आहे किंवा वेळ चुकीची निवडली आहे असा असतो, आणि दोन्ही गोष्टी दुरुस्त करता येतात.

रविवारी दहा मिनिटे कॅलेंडरापुढे उभे राहून मुलाने तीन गोष्टी सांगाव्यात : या आठवड्यात काय जमले, काय अडले, पुढच्या आठवड्यात काय बदलायचे. आपण ऐकावे. सूचना द्यायचीच झाली, तर एकच द्यावी.

सहावी पायरी : शाबासकी आणि बक्षीस

'हे पूर्ण केलेस तर सायकल घेऊन देईन' हे वाक्य आपल्याकडे इतके रुळलेले आहे की त्यात काही चूक असेल असे वाटतच नाही. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मुळातच चित्रे काढायला आवडणाऱ्या बालवाडीतील मुलांपैकी काहींना 'चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल' असे आधी सांगण्यात आले होते. एक-दोन आठवड्यांनंतर मोकळ्या वेळेत ही मुले चित्रांकडे इतर मुलांच्या निम्म्यानेच वळली. ज्यांना काहीही आधी न सांगता तेच प्रशस्तिपत्र नंतर देण्यात आले, त्यांची आवड मात्र घटली नाही. म्हणून मुलाला आवडणाऱ्या ध्येयावर बक्षिसाची बोली लावू नये. पूर्ण झाल्यावर अचानक त्याच्या आवडीचा शिरा केला, तर त्यात काहीच वावगे नाही.

शाबासकीचे शब्दही जपून वापरावेत. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या अभ्यासात, सोपी कोडी सुटल्यावर 'हुशार आहेस' अशी स्तुती झालेली पाचवीच्या वयाची मुले पुढे हुशारी दाखवता येईल अशीच सोपी कामे निवडू लागली आणि अवघड कोडे आल्यावर लवकर हात टेकू लागली. मेहनतीची स्तुती झालेली मुले अवघड कामाकडे वळली. त्यामुळे 'काय हुशार आहे माझी बाय' असे ओठांवर आले, तरी त्याऐवजी जे पाहिले ते सांगावे. 'दुसऱ्या फेरीत तू सुरुवातीलाच वेग कमी केलास, म्हणून तिसरी जमली' या वाक्यात शाबासकी आहे आणि मुलाला पुढच्या वेळी वापरता येईल अशी माहितीही आहे.

सातवी पायरी : अडले तर

सातव्या आठवड्यात सिंहगडाच्या निम्म्या वाटेवर आमची मुलगी खाली बसली आणि रडू लागली. आपल्याला जमणार नाही, कळसूबाईचे सोडून देऊ, असे म्हणाली. आम्ही तेथूनच खाली उतरलो. वाटेत कोणी काही समजावले नाही, कारण दमलेल्या आणि खजील झालेल्या मुलाच्या कानात त्या वेळी काही शिरत नाही. खाली आल्यावर तिने पिठलं-भाकरी खाल्ली आणि घरी येऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिला विचारले, "बाळा, नक्की कुठून अवघड जायला लागलं?" 'का जमलं नाही' असे मी विचारले असते, तर तिने स्वतःची बाजू मांडली असती. 'कुठून' या प्रश्नामुळे ती वाट आठवू लागली. सुरुवातीच्या चढावर ती पुढच्या एका मोठ्या मुलाला गाठायला धावली होती, निघायला नऊ वाजल्यामुळे ऊन चढले होते आणि सकाळी ती धड खाऊन निघाली नव्हती. ही तिन्ही कारणे तिने स्वतः सांगितली. नवव्या आठवड्याच्या टप्प्यात तिने तीन ओळी वाढवल्या : सहाला निघायचे, आधी खायचे, दर वीस मिनिटांनी थांबायचे. ध्येय तेच राहिले आणि त्याकडे जाण्याची रीत बदलली.

काही वेळा ध्येयच बदलावे लागते. मुदत वाढवणे, शिखराऐवजी अलीकडचा टप्पा धरणे, आजारपणानंतर पुन्हा पहिल्या टप्प्यावर येणे, या सर्वांना मोकळी वाट असावी. पूर्ण सोडून देण्याचीही परवानगी असावी, परंतु ती अवघड दिवशी देऊ नये. 'सोडायचे असेल तर सोड, पण एक बरा दिवस झाल्यावर ठरव' एवढा नियम आमच्याकडे होता. बऱ्या दिवशीही मुलाला नको वाटले, तर ती इच्छा मुळात त्याची नव्हती किंवा आता उरलेली नाही, आणि मग टोमणा न मारता कागद घडी घालून ठेवून द्यावा.

आठवी पायरी : पूर्ण झाल्यावर

दहाव्या आठवड्यात बारीहून आम्ही सहाला निघालो. दुसऱ्या शिडीपाशी ती बराच वेळ थांबली, वर पाहिले, आणि मग मी मागे राहावे असे सांगून चढली. साडेदहाच्या सुमारास ती शिखरावरच्या कळसूबाईच्या देवळापाशी पाठीवरची पिशवी न उतरवता उभी होती.

अशा दिवशी लगेच 'आता पुढे काय?' असे विचारू नये. आठ-दहा दिवस जाऊ द्यावेत, मग कॅलेंडरची मागची पाने मुलासमोर उलगडावीत आणि त्याला खाडे, खुणा, बदललेले टप्पे पाहू द्यावेत. कोणत्या गोष्टीने सर्वांत जास्त मदत झाली आणि पुन्हा करायचे झाले तर काय वेगळे करशील, हे विचारावे आणि त्याची उत्तरे त्याच्याच हाताने मूळ वाक्याच्या कागदावर खाली लिहून घ्यावीत. पुढच्या ध्येयाच्या वेळी हाच कागद बाहेर काढायचा असतो.

दुसऱ्या ध्येयात आपला वाटा निम्मा व्हावा. पहिल्या खेपेला टप्पे आपण बरोबरीने बसून पाडलेले असतात, दुसऱ्या खेपेला ते मुलाने पाडावेत आणि आपण फक्त वाचून पाहावेत. जानेवारीच्या पानावर आमच्या मुलीने 'मार्चपर्यंत घडीच्या पोळ्या, भाजण्यासकट' असे लिहिले. पहिल्या आठवड्यात फक्त कणीक मळायची, दुसऱ्यात फुलके लाटायचे, तिसऱ्यात घडी घालायची, असे टप्पे तिचेच होते. मी त्यात एकच ओळ वाढवली, की गॅस पेटवताना मोठ्यांपैकी कोणीतरी शेजारी असेल.